ओळींमधली जमीन उघडी की झाकलेली? द्राक्षबागेतल्या आच्छादन पिकाचा हिशोब

वाफसा (धागाकर्ता)

द्राक्षबागेत दोन ओळींमधली माती वर्षभर कुळवून स्वच्छ ठेवायची, ही जुनी रीत. एकही तण दिसलं नाही की बाग नीट राखली असं समजतात. शाश्वत द्राक्षशेतीचं संशोधन मात्र बरीच वर्षं उलट बाजूला बोट दाखवतंय. उघडी माती पावसात वाहते, उन्हात तापते, सेंद्रिय कर्ब गमावते आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली दगडासारखी होते.

तरीही आच्छादन पीक, म्हणजे ओळींमधली जमीन झाकायला मुद्दाम घेतलेलं गवत किंवा कडधान्य, सगळीकडे टिकत नाही. एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: पहिल्या वर्षी काहीच बिघडत नाही, दुसऱ्या वर्षी घड कमी निघतात. मग गवत उपटलं जातं आणि विषय संपतो.

चर्चेसाठी एक बाग धरू. दोन ओळींत २.७ मीटर, दोन वेलींत १.५ मीटर, मध्यम भारी माती, तीन-चार टक्के उतार, ठिबक, सहा वर्षांच्या कलमी वेली. प्रश्न दोन. दुसऱ्या वर्षी घड का कमी होतात? आणि कुठल्या बागेत झाकायचं, कुठल्यात नाही, हे कशावरून ठरवायचं? "निसर्गासाठी चांगलं" एवढ्यावर थांबू नका. आकडे, वेळा, कुठे चुकतं ते लिहा.

१. पांढरी_मुळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यात आहे, म्हणजे काडीवरच्या डोळ्यात. यंदा जो घड दिसतो त्याची मूळ रचना गेल्या हंगामात, फुलोऱ्याच्या सुमारास, काडीच्या खालच्या डोळ्यांमध्ये तयार झालेली असते. त्याच सुमाराला वेलीला पाण्याचा किंवा नत्राचा ताण बसला, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) बनते किंवा घड लहान राहतो. चालू वर्षाचे घड आधीच ठरलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. फटका पुढच्या वर्षी बसतो.

फ्रान्सच्या दक्षिणेला, मोंपेलिएमध्ये यावर बारकाईने काम झालं आहे. उत्पादनाचा मोठा हिस्सा आदल्या वर्षीच्या फुलोऱ्याच्या काळातल्या पाण्यावर आणि नत्रावर ठरतो, असं तिथे दिसलं. उष्ण प्रदेशात, जिथे वर्षातून दोन छाटण्या होतात, तिथे हाच टप्पा खरड छाटणीनंतर (फळ निघाल्यावरची पहिली छाटणी) साधारण दीड-दोन महिन्यांत येतो.

म्हणजे आच्छादन पीक घेतल्यामुळे घड कमी झाले हे अर्धंच खरं. डोळ्यात घड बनण्याच्या वेळी ते पीक जिवंत उभं होतं, म्हणून कमी झाले. त्याआधी पंधरा-वीस दिवस ते आडवं केलं असतं तर ही वेळ आली नसती.

२. कोरडवाहू

क्र. १ बरोबर आहे, पण मुळातला मुद्दा पाण्याचा आहे. वेल आणि गवत एकाच ताटात जेवतात. जिथे पाऊस कमी आणि ठिबकचं पाणीही मोजून मिळतं, तिथे ताटातला घास गवताला द्यायचा कशाला? उथळ कुळवणी केली की भेगा बुजतात, खालची ओल टिकते. उघडी जमीन म्हणजे आळस किंवा अडाणीपणा, असा सूर या विषयावर लागतो, तो मला मान्य नाही. कोरड्या भागातल्या लोकांनी ही रीत विचार करून घेतली आहे.

३. ओलावा

कोरडवाहूदादा, हिशोबच मांडू.

वेलीला रोज किती पाणी लागतं हे सावलीवरून काढता येतं. कॅलिफोर्नियात लायसिमीटरवर (माती आणि वेलीचं वजन मोजणारा, जमिनीत पुरलेला हौद) थॉमसन सीडलेस जातीच्या वेली लावून हे सूत्र बसवलं आहे: भर दुपारी जमिनीवर जितके टक्के सावली पडते, त्याला ०.०१७ ने गुणा, की पीक गुणांक मिळतो. धाग्यातल्या बागेत सूर्य डोक्यावर असताना ओळीला आडवी टेप धरली आणि सावलीची रुंदी १.०८ मीटर भरली, तर २.७ मध्ये ती ४० टक्के. गुणांक ०.६८. हा गुणांक संदर्भ बाष्पोत्सर्जनाला, म्हणजे आखूड हिरवं गवत त्या हवामानात जितकं पाणी उडवतं त्याला, लावायचा. ते रोज ५ मिमी असेल तर वेलीची गरज ३.४ मिमी. एका वेलीचं क्षेत्र २.७ गुणिले १.५, म्हणजे ४.०५ चौरस मीटर. रोज जवळपास १४ लिटर. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर पावणेदोन तास पाणी.

आता गवत. मधला दीड मीटरचा पट्टा म्हणजे जमिनीच्या ५५ टक्के. हिरवंगार उभं पीक जवळपास संदर्भाइतकंच पाणी उडवतं: ५ चे ५५ टक्के, पावणेतीन मिमी. वेलीच्या गरजेच्या जवळपास तितकंच! भर उन्हाळ्यात जिवंत गवत ठेवायचं म्हणजे शेजारी दुसरी बाग पोसायची. इथवर मी तुमच्याच बाजूचा.

पण वेली सुप्तावस्थेत असताना, थंडीत संदर्भ बाष्पोत्सर्जन दीड-दोन मिमीवर येतं. तेव्हा तेच गवत रोज जेमतेम एक मिमी खर्च करतं. साठ दिवसांत पन्नास-पासष्ट मिमी. आणि त्याच काळात पाऊस पडत असेल, तर उतारावरून वाहून जाणारं पाणी ते मुरवतं. मोंपेलिएच्या मोजमापांत हेच दिसलं: गवताखालची जमीन थंडीत जास्त भरली आणि खर्चाची बरीच भरपाई झाली. तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. गवत असलं की वेलीची मुळी वेलीखालच्या पट्ट्यात आणि खोल सरकते.

म्हणून "गवत हवं की नको" असं विचारू नका. कोणत्या महिन्यात ते जिवंत असावं आणि कोणत्या महिन्यात मेलेलं, हे ठरवा.

४. रानवाट

मेलेलं पण जागेवर पडलेलं, हे महत्त्वाचं. उपटून बांधावर टाकलं तर अर्धा फायदा बांधाला.

५. गांडूळ

पाणी मुरतं की नाही हे अंदाजाने बोलू नये, मोजायला अर्धा तास लागतो.

आतून १५ सेंमी व्यासाची पत्र्याची किंवा पाइपची कडी घ्या, उंची १२-१३ सेंमी. लाकडी फळी ठेवून हातोडीने ७-८ सेंमी जमिनीत ठोका. आतली माती कडेने बोटाने हलकी दाबा, नाहीतर पाणी कडेने निसटतं. आत प्लास्टिकचा तुकडा अंथरा, त्यावर ४४० मिली पाणी ओता आणि प्लास्टिक हलकेच ओढून घ्या. हे पाणी म्हणजे २५ मिमीचा पाऊस. चमक जाईपर्यंत वेळ मोजा. मग लगेच दुसऱ्यांदा तेवढंच पाणी. दुसरा आकडा खरा धरायचा, कारण पहिला जमीन किती सुकी होती तेवढंच सांगतो.

तीन जागी करा: चाकाच्या वाटेत, दोन चाकांच्या मधे, वेलीखाली. बहुतेक बागांत चाकाची वाट आणि मधली जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. चाकाच्या वाटेत पाणी तासभर उभं राहत असेल, तर तिथे फवारणीचा ट्रॅक्टर ओल्या जमिनीत फिरला आहे. वाफसा येण्याआधी आत गेलेलं चाक पुढची कित्येक वर्षं भोवतं.

यासोबत कुदळीने २० बाय २० बाय २० सेंमीचा ढेकूळ काढून हाताने फोडा. रवाळ कणांचा फुटला, आत बारीक मुळ्या आणि गांडुळांची बिळं दिसली तर ठीक. आडव्या पापुद्र्यांत निघाला आणि मुळी पापुद्र्यावरून आडवी धावताना दिसली, तर खाली तवा, म्हणजे कडक थर, बसला आहे. अशा जमिनीत आधी तवा फोडायचा, मग बी टाकायचं.

६. कोरडवाहू

क्र. ३ चा हिशोब पटला, सावलीचं सूत्र उपयोगी आहे. पण गांडूळ, कुळवणीनेही पाणी मुरतं. पापुद्रा फुटला की मुरायला लागतं.

७. गांडूळ

मुरतं, पहिल्या जोराच्या सरीपर्यंत. उघड्या भुसभुशीत मातीवर थेंब आपटला की कण सुटे होतात, छिद्रांत बसतात आणि पुन्हा पापुद्रा. कोरडा ढेकळाचा तुकडा जाळीवर ठेवून पाण्यात बुडवून पाहा: वर्षानुवर्षं कुळवलेल्या मातीचा तुकडा दोन-तीन मिनिटांत विरघळून गाळ होतो, गवताच्या मुळ्यांनी बांधलेला तसाच राहतो. उतारावर हा फरक म्हणजे माती राहणं आणि जाणं.

८. काडीमोजणी

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. झाकायचं की नाही हे वेल स्वतः सांगते, छाटणीच्या दिवशी.

बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या वीस वेली निवडा. त्यांची एका वर्षाची काडी छाटून तिथल्या तिथे स्प्रिंग काट्यावर तोला. ओळीच्या प्रत्येक मीटरला ०.३ ते ०.६ किलो काडी हा वाइन द्राक्षांसाठी समतोल मानतात. दीड मीटरच्या वेलीला ४५० ते ९०० ग्रॅम. ०.६ च्या वर गेलं, तर वेल माजली आहे, पेरं लांब, आत सावली, घडाभोवती हवा नाही. अशा बागेत गवताची स्पर्धा औषधासारखी लागू पडते. ०.३ च्या खाली असेल तर आधीच उपाशी असलेल्या वेलीच्या तोंडचा घास काढू नका.

दुसरा आकडा: त्याच वेलींच्या फळाचं वजन भागिले काडीचं वजन. ५ ते १० च्या मधे असावं. १० च्या वर म्हणजे फळ जास्त आणि वेल थकलेली.

दोन छाटण्यांच्या पद्धतीत हे आकडे जसेच्या तसे लावू नका. दोन्ही छाटण्यांची काडी वेगळी तोला आणि आपल्याच बागेच्या मागच्या वर्षांशी ताडून पाहा. डॉगरिजसारखा जोमदार खुंट (ज्या मुळावर वेल कलम करतात तो) असेल तर काडी मुळातच जास्त निघते. टेक्सासच्या रानवेलीपासून आलेला हा खुंट क्षार आणि कोरडं सोसतो, पण वेलीला माज आणतो आणि पालाशही भरपूर उचलतो.

९. हिरवळ

क्र. ८ शी सहमत. आता बी कुठलं, किती, ते लिहिते.

माजलेली बाग: फक्त तृणधान्य किंवा गवत. सातू किंवा ओट, हेक्टरी ८०-१०० किलो. ही पिकं जमिनीतला मोकळा नत्र ओढून घेतात, म्हणजे वेलीला आवर बसतो आणि नत्र पाण्यासोबत खालीही जात नाही.

मध्यम बाग: सातू ३५-४० किलो आणि व्हेच (कडधान्यवर्गीय चाऱ्याची वेल) २५-३० किलो. सातू व्हेचला आधार देतो.

अशक्त बाग: कडधान्यवर्गीय जास्त. थंड भागात व्हेच, क्रिम्सन क्लोव्हर (लाल फुलांचा चाऱ्याचा घास). उष्ण भागात ताग किंवा धैंचा. तागाचा आणखी एक गुण असा की मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी त्याच्यावर वाढत नाहीत. उलट काही क्लोव्हर आणि व्हेच त्यांना पोसतात. सूत्रकृमीची बाग असेल तर बी निवडताना हे आधी बघा.

सगळ्यात नेहमीची चूक: हे दर पेरलेल्या क्षेत्राचे आहेत. दीड मीटरचाच पट्टा पेरायचा असेल तर ५५ टक्केच बी लागतं. पूर्ण हेक्टरचं बी पट्ट्यात ओतलं की दाट उगवतं, कोवळं राहतं आणि लोळतं. दुसरी चूक खोलीची. सातू ३-४ सेंमी, व्हेच २-३ सेंमी, क्लोव्हर एक सेंमीहून खोल नको. तिघांचं मिश्रण एकाच खोलीवर पेरलं की क्लोव्हर उगवतच नाही. ते वेगळं वर फोकून हलकी दाताळी फिरवा. आणि कडधान्यवर्गाला त्याच्या जातीचं रायझोबियम (हवेतला नत्र धरणारे जिवाणू) लावल्याशिवाय पेरू नका. जमिनीत त्याचे जिवाणू नसतील तर मुळावर गाठीच धरत नाहीत.

मोडण्याची वेळ: सातू फुलोऱ्यात किंवा चीक भरायच्या सुरुवातीला असताना रोलरने आडवा करा. आधी केला तर पुन्हा उठतो, उशीर केला तर बी पडून पुढच्या वर्षी तण बनतो. व्हेच भर फुलात. जमीन कोरडी आणि पाणी कमी असेल तर या सगळ्याची वाट बघू नका, डोळे फुटण्याआधीच कापून टाका.

१०. पानदेठ

हिरवळताई, कडधान्याच्या नत्राचा आकडाही लोकांना कळू द्या. व्हेचचं वाळलेलं वजन हेक्टरी ३ टन आणि त्यात साडेतीन टक्के नत्र धरलं तर १०५ किलो. ५५ टक्के पट्ट्यात ५८ किलो. पहिल्या हंगामात त्यातला निम्मा मोकळा झाला तरी २९ किलो. आणि १० टन द्राक्षं बागेतून किती नत्र नेतात? सुमारे १५ किलो. म्हणजे व्हेच चांगला जमला की युरियाची गोणी उघडायचीच नाही. लोक वरून नेहमीचं खत देतात, वेल माजते, भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) येते आणि दोष आच्छादनाला लागतो.

पालाश मात्र कुठल्याच पिकाने बनत नाही. १० टन फळ सुमारे २५ किलो पालाश नेतं, तो बाहेरूनच द्यावा लागतो. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे ६० ते १०० देठ गोळा करून तपासा. पातं काढून फक्त देठ पाठवायचे, रोगट आणि कडेच्या ओळींचे नकोत. गवताच्या आणि बिनगवताच्या ओळींचे नमुने वेगळे.

११. किण्व

वाइन द्राक्षांच्या लोकांसाठी एक धोक्याची घंटा. गवताने नत्र ओढला की पानात दिसायच्या आधी रसात कमी होतो. यीस्टला वापरता येणारा नत्र लिटरमागे १४० मिलिग्रॅमच्या खाली गेला की किण्वन मंदावतं, अर्ध्यात थांबू शकतं, सडक्या अंड्याचा वास येतो. पांढऱ्या जातींत हे जास्त जाणवतं. फळ तोडायच्या आठ-दहा दिवस आधी रस तपासून घ्या. कमी निघालं तर पुढच्या वर्षी एकाआड एक ओळीतच गवत ठेवा.

१२. मणी_फुगवण

वरचा "स्पर्धा औषधासारखी" हा सूर खाण्याच्या द्राक्षांना लावू नका. लाल वाइनला मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत थोडा ताण चालतो, बारीक मणी आणि जाड साल तिथे हवीच असते. खाण्याच्या द्राक्षाला त्याच काळात ताण बसला तर मण्यातल्या पेशींची संख्या आणि आकार दोन्ही कमी होतात. मागून कितीही पाणी सोडा, तो मणी फुगत नाही.

१३. ओलावा

क्र. १२, अगदी खरं. ताण किती हे प्रेशर चेंबरवर (देठातून रस बाहेर यायला किती दाब लागतो ते दाखवणारं यंत्र) मोजता येतं. भर दुपारी सावलीतलं पान तासभर आधी फॉइलच्या पिशवीत झाकून ठेवा, मग देठ कापून लगेच मोजा. उणे ०.६ मेगापास्कलपर्यंत ताण नाही, उणे ०.९ पर्यंत हलका, उणे १.१ पर्यंत मध्यम, उणे १.४ च्या पलीकडे गंभीर. खाण्याच्या द्राक्षांत मणी वाढत असताना हलक्याच्या पलीकडे जाऊ देऊ नये.

जातीचा स्वभावही बघा. ग्रेनाश पाणी कमी झालं की पर्णरंध्रं लवकर मिटते, शिराज बराच वेळ उघडी ठेवते. एकाच जमिनीत दोघींचे आकडे वेगळे येतात, एका जातीचा आकडा दुसरीवर लादला की चूक होते.

१४. केवडा_नको

थोडं विषयांतर, पण जमिनीशी जोडलेलं. केवडा या पानांच्या रोगाची बुरशी गळलेल्या पानांत जमिनीवर दबा धरून असते आणि पावसाच्या थेंबासोबत उडून खालच्या पानांवर येते. जमिनीवर वाळलेलं आच्छादन असेल तर हे उडणं कमी होतं. पण उभं गवत घडापर्यंत पोचलं तर आत दमटपणा वाढतो आणि तोच केवडा वरून पसरतो. गवत गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

पहिली फवारणी कधी, याचा जुना आणि अजून चालणारा अंदाज म्हणजे इटलीत १९४७ च्या सुमारास मांडलेला तीन दहांचा नियम: नवी फूट १० सेंमी लांब, तापमान १० अंशांच्या वर, आणि एक-दोन दिवसांत १० मिमी पाऊस. तिन्ही जुळले की पहिला संसर्ग संभवतो. त्याआधीच्या फवारण्या वाया जातात.

१५. रानवाट

त्यात बोर्डो मिश्रण चालेल ना? सेंद्रिय बागेतही चालतं म्हणतात.

१६. केवडा_नको

चालतं, पण जपून. बोर्दोच्या मियार्देने १८८५ मध्ये ते पुढे आणलं आणि द्राक्षशेती वाचली. अडचण अशी की तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. पडलं ते वरच्या वीतभर मातीत साचत जातं आणि गांडुळांच्या मुळावर येतं. युरोपीय महासंघाने म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली, सरासरी वर्षाला ४ किलो.

आता मोजा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं २५ टक्के. हेक्टरी ५०० लिटर फवारलं तर ५ किलो मोरचूद, सव्वा किलो तांबं. तीन फवारण्यांत वर्षाचा कोटा जवळपास संपला! हायड्रॉक्साइडच्या रूपातल्या आधुनिक औषधांत एका फवारणीला २००-३०० ग्रॅम तांब्यावर काम भागतं.

बोर्डो करायचंच असेल तर मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवा, धातूच्या भांड्यात नको. मग दोन्ही एकत्र ढवळा. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जा. आणि त्याच दिवशी फवारा, दुसऱ्या दिवशी ते पानावर चिकटत नाही.

१७. खुंटवेल

तांब्याचा खरा तोडगा प्रतिकारक जाती. फ्रान्समध्ये २०१८ साली आर्ताबान, विडोक, फ्लोरिआल आणि व्होल्टिस या जाती नोंदल्या गेल्या. केवडा आणि भुरी या दोन्हींविरुद्ध प्रत्येकी एकाहून जास्त जनुकं त्यांत एकत्र बसवली आहेत. एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर बुरशी ते कुलूप उघडायला शिकते. बियांका जातीतला एकच प्रतिकार मोडणारे केवड्याचे वाण सापडलेही आहेत. म्हणून अशा जातींतही वर्षाला एक-दोन फवारण्या ठेवा, ज्याने प्रतिकार टिकेल.

खुंटांची गोष्टही अशीच आहे. मुळांतला रस शोषणारा फायलोक्झेरा मावा १८६०च्या दशकात युरोपात पोचला तेव्हा अमेरिकन खुंटांनी तारलं. कॅलिफोर्नियात मात्र एएक्सआर १ हा अर्धा युरोपीय रक्ताचा खुंट भरभरून लावला गेला, आणि १९८०च्या दशकात माव्याने तो गाठला. हजारो एकर बागा काढाव्या लागल्या. टिकाऊ शेतीत पहिली निवड खुंटाची असते, ती चुकली तर वरचं सगळं व्यर्थ.

१८. दवबिंदू

हिम किंवा दहिवर पडणाऱ्या भागांसाठी: उंच गवत असलेली जमीन दिवसा कमी ऊन साठवते, रात्री डोळ्यांजवळची हवा जास्त थंड राहते. डोळे फुटायच्या वेळी थंडीची लाट येणार असेल तर गवत आधीच अगदी बुडाशी कापा. ओलसर, घट्ट बसलेली जमीन सगळ्यात उबदार. ताजी कुळवलेली कोरडी जमीन तिच्यापेक्षा थंड, तिच्यात हवा भरलेली असते.

१९. चतुर

किडींचं कुणीच बोललं नाही. कोरड्या उघड्या जमिनीतून चाकांनी उडालेली धूळ पानांवर बसली की कोळी वाढतात, कडेच्या ओळी पाहा, तिथून सुरुवात होते.

दुसरी बाजू फुलांची. न्यूझीलंडमध्ये ओळींमधे बकव्हीट (कुट्टू) पेरून परोपजीवी गांधीलमाश्यांना मध पुरवण्याचं काम झालं आहे. त्या इतक्या बारीक असतात की खोल फुलातला मध त्यांना लागत नाही, बकव्हीट किंवा कोथिंबिरीसारखं उथळ फूल हवं. दहाव्या ओळीत एक पट्टा पुरतो, पण फूल किडीच्या वेळी उमललेलं असलं पाहिजे. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा पेरा.

मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) मात्र आधी मुंग्या बघा. मुंग्या गोड चिकट्यासाठी मिलीबगची राखण करतात, मित्रकीटकांना हाकलतात. खोडावर मुंग्यांची रांग असताना मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडणं म्हणजे पैसे सोडणं. आणि उंच गवत खोडाला टेकलं की मुंग्यांना दुसरा जिना मिळतो.

२०. कोरडवाहू

मुंग्यांचा मुद्दा लिहून ठेवला. मग वेलीखालच्या पट्ट्याचं काय करायचं? तिथे तर तणनाशकच मारतात.

२१. रानवाट

तिथे ६० ते ९० सेंमीचा पट्टा मोकळा ठेवणं बहुतेक ठिकाणी योग्यच. पण दर वर्षी तेच तणनाशक मारलं तर तणही शिकतं. ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारं रायग्रास हे गवती तण ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये नोंदलं गेलं. मधल्या पट्ट्यातलं कापलेलं गवत बाजूला फेकणारं ग्रासकटर घ्या, ते वेलीखाली ८-१० सेंमी जाड पडू द्या. सातूचं गवत कर्बाने जड असल्याने सावकाश कुजतं, तण दाबून धरतं. व्हेच लवकर विरतो, त्याचं आच्छादन टिकत नाही. फक्त खोडाभोवती हाताएवढी जागा मोकळी सोडा, कलमाचा सांधा झाकला तर वरच्या जातीला मुळ्या फुटतात आणि खुंटाचा सगळा अर्थ जातो.

छाटलेल्या काडीचा भुगाही तिथेच चालतो. खोडाच्या रोगाने मेलेले ओलांडे (खोडाचे आडवे फाटे) मात्र बाहेर नेऊन नष्ट करा, भुगा करू नका.

२२. वाफसा (धागाकर्ता)

एवढं वाचून धाग्यातल्या बागेसाठी असं मांडतोय, चुकत असेल तर सांगा. आधी क्र. ५ ची कडी तीन जागी, मग छाटणीच्या वेळी वीस वेलींची काडी. काडी ओळीच्या मीटरला ०.५ किलोच्या आसपास निघाली असं धरतो. मग सातू आणि व्हेच, दीड मीटरच्या पट्ट्यात, एकाआड एक ओळीत. उरलेल्या ओळींत जे तण येईल ते नुसतं कापायचं. फुलोऱ्याच्या तीन आठवडे आधी सगळं रोलरने आडवं. व्हेचचा नत्र मोजून खत कमी.

२३. काडीमोजणी

एकाआड एक बरोबर. पण पुढच्या वर्षी ओळी बदलू नका, निदान तीन वर्षं त्याच ठेवा. नाहीतर दुसऱ्या वर्षीचा फरक गवताचा की जमिनीचा हे कळणारच नाही. आणि एका कोपऱ्यात चार ओळी पूर्वीसारख्याच कुळवा. चार एकत्र हव्यात, कारण कडेच्या दोन ओळींची मुळी शेजारच्या गवताखाली जाते. मोजायचं फक्त मधल्या दोन ओळींवर.

२४. पांढरी_मुळी

फुलोऱ्याआधी तीन आठवडे हे पाणी पुरेसं असेल तर. उन्हाळा लवकर तापणाऱ्या भागात चार-पाच आठवडे धरा. गवत आडवं केल्यावरही मुळं आठवडाभर ओल ओढत राहतात. आणि पहिल्या वर्षाच्या छाटणीला काडीचे चौथे ते आठवे डोळे उभे कापून भिंगाखाली बघा. आत घडाची गाठ दिसते. पुढच्या वर्षीचं उत्तर तिथे आजच लिहिलेलं असतं.

२५. कोरडवाहू

ती कडी ठोकताना फळी ओली करून घ्या, कोरडी फळी फुटते. मी चार ओळींवाल्या तुलनेच्या बाजूने आहे. दोन्हीकडची काडी तोलून आकडे इथेच टाकू.